टपावरची काजळी

आमच्या घरात रेल्वेच्या छोट्या नमुना-इंजिनांची कामं वाटलेली होती. कापाकापी माझी, रंगकाम बायकोचं. बाजारातून आणलेलं डिझेल इंजिन वीतभर लांब, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. त्याचे प्लॅस्टिकचे जाडजूड कठडे मी तासून काढायचो, केसाएवढी भोकं पाडून पितळी तारेचे नवे बसवायचो. मग ते हिच्या टेबलावर जायचं आणि पंधरा दिवसांनी, वीस वर्षं राबल्यासारखं होऊन परत यायचं.

ही गेली तेव्हा एक इंजिन टेबलावर होतं. खडू सँडपेपरवर घासून ही भुकटी करायची आणि कोरड्या ब्रशने लावायची. टपावर धूर निघतो तिथे काजळी, खाली चाकांपाशी तांबूस धूळ. ते लावून झालं होतं. वरून व्हार्निश तेवढं राहिलं होतं. व्हार्निशाशिवाय भुकटी टिकत नाही, नुसता हात लावला तरी बोटाला येते.

चार महिने मी त्याला हात लावला नाही. मग मुलगी राहायला आली. टेबल पुसताना तिने इंजिन उचललं आणि टपावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. पोरीचा चेहराच उतरला.

"बाबा, आईचं हे शेवटचं काम. असंच ठेवलंत तर वर्षभरात टक्कल पडेल त्याला. व्हार्निश मारून टाका."

"तो माझा प्रांत नाही."

"मग आता कुणाचा आहे?"



ती परत गेल्यावर रविवारी मी ड्रायव्हरला बोलावलं. हा माझा जुना मित्र. तीस वर्षं खरी डिझेल इंजिनं चालवली. हिच्या प्रत्येक इंजिनात खोड काढायचा आणि ही त्याला पुरून उरायची.

"स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात ठेव," तो म्हणाला. "वहिनी ठेवायच्या."

"तू कधी पाहिलंस?"

"मी इथेच बसायचो की. तुझं डोकं तारेत असायचं."

डबा कोमट केला. हातभर अंतरावरून दोन फवारे मारले. ओलं असताना टप छान काळाभोर दिसत होता. मला हायसं वाटलं. पण सुकत गेलं तशी काजळी विरत गेली. दहा मिनिटांत टप कारखान्यातून नुकता आल्यासारखा राखाडी. अंगठ्याचा ठसासुद्धा राहिला नाही.

मी खुर्चीत बसलो. "घालवलं मी. तिच्या हातचं शेवटचं होतं हे."

ड्रायव्हरने इंजिन स्वतःकडे वळवलं.

"व्हार्निश निम्मं खातं, असं म्हणायच्या त्या. म्हणून आधी दुप्पट काळं करायच्या. मी चिडवायचो, वहिनी, हे इंजिन आहे की कोळशाची वखार? तर म्हणायच्या, थांबा, अजून व्हार्निश जेवायचंय."

"मग या वेळी दुप्पट का नाही केलं?"

"करणार असतील. शेवटी शेवटी दमायच्या ना."

हे मला ठाऊकच नव्हतं. जे पुरं झालं म्हणून मी चार महिने जपलं, ते अर्धंच होतं.

हिच्या डबीत काळी भुकटी शिल्लक होती. ड्रायव्हरने डबी आणि ब्रश माझ्यापुढे सरकवले.

"मला नाही जमायचं."

"न जमायला काय आहे? घाणच तर करायचीय."

मी ब्रश टेकवला. पहिल्यांदा भुकटी भलतीकडेच सांडली.

"अरे, धूर मागे जातो, पुढे नाही. वहिनींनाही मीच शिकवलं हे."

"तिनेच तुला शिकवलं असेल."

"बरं बाबा, त्यांनी. पण जातो मागेच."

तासभर लागला. वखारीसारखं काळं झाल्यावर पुन्हा व्हार्निश मारलं आणि दोघं समोर बसून राहिलो. या वेळी थोडं विरलं आणि थांबलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"मारलंत व्हार्निश?"

"मारलं."

"आईचं काम राहिलं ना नीट?"

मी तिला सगळं सांगितलं. काजळी कशी गेली ते, आणि नंतर मी काय केलं तेही.

"आता कसं दिसतंय?" तिने विचारलं.

"धुराड्यापाशी जरा जास्त झालंय. तिथे हात भरकटला माझा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं चालेल," मी म्हणालो. "ड्रायव्हरने अजून खोड काढलेली नाही."