मशिनीला विसावा

सरकारला संशोधन हवं असतं, फक्त संशोधकानं जेवण मागू नये एवढीच त्याची अपेक्षा असते. हे मी परळीच्या आमच्या कॉलेजात मोठ्यानं बोलते, म्हणून प्राचार्य मला चार हात लांबच ठेवतात. मी बबिता, वनस्पतिशास्त्र शिकवते. शेजारची प्रयोगशाळा रुद्राणीची.

रुद्राणी शेळीच्या मूत्रपिंडातल्या पेशी बाटलीत वाढवायची. अशा पेशींवर शेळ्यांची लस तयार होते, पण त्यांना जगायला वासराच्या रक्तापासून केलेलं परदेशी खाद्य लागतं, आणि ते सोन्याच्या भावानं येतं. रुद्राणीनं वर्षानुवर्षं खपून तिच्या पेशींना साखर कारखान्याच्या मळीपासून बनवलेल्या खाद्यावर जगायला शिकवलं. लाखो मेल्या, थोड्या तगल्या. त्या तगलेल्यांच्या कुप्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होत्या, आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. थोड्या पुण्याच्या संस्थेत ठेवू म्हटलं, तर प्राचार्य म्हणाले, "आपलं बियाणं दुसऱ्याच्या कणगीत कशाला ठेवायचं?"

मग अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला. का, ते कुणी सांगेना. मदतनीस स्वप्नालीचं मानधन थांबलं, तशी ती बीडला कोचिंग क्लासमध्ये शिकवायला गेली. बिचारीला घर चालवायचं होतं. वाढत्या पेशींना रोज बघायला माणूस उरला नाही, म्हणून रुद्राणीनं त्याही गोठवल्या. नव्या अनुदानासाठी दिल्लीच्या समितीपुढे जायचं ठरलं ते ऐन नवरात्रात. मी माहेरी निघाले होते. प्रयोगशाळेची किल्ली तिनं वडिलांकडे दिली आणि म्हणाली, "लक्ष ठेवा, अण्णा."

पंचाक्षरी अण्णांचं स्टेशनजवळ लोखंडी सामानाचं दुकान. खंडेनवमीला दुकानात तराजू धुतात, त्यावर भस्माची तीन बोटं ओढतात, झेंडू वाहतात. त्या दिवशी तराजूला काम सांगत नाहीत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, दारातून परत जातं.

दसऱ्याच्या संध्याकाळी रुद्राणी दिल्लीहून थेट कॉलेजवरच आली. माहेराहून परतलेली मीही तिला भेटायला गेले. अण्णा आपट्याची पानं घेऊन दारात उभे होते. आत सगळं लख्ख. फ्रीजरला झेंडूची माळ, दारावर भस्माचे तीन पट्टे.

"लई मळकट झालतं गं," अण्णा म्हणाले. "ओलं फडकं लावायचं म्हून वायरी काढल्या. ह्यो मोठा डबा तर शिट्टी मारायला लागला. मी म्हनलं, वरीसभर राबतोस, आज गप बस की! बटन हुडकून बंद केला त्याला. दिवसभर, रातभर इसावा दिला. सकाळी सोनं वाहून सगळं चालू केलंय. बघ, आकडा बी आलाय."

आकडा आला होता. उणे ऐंशी. रुद्राणी त्या आकड्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"छान केलं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णा घरी गेल्यावर तिनं एक कुपी काढून कोमट पाण्यात धरली, थेंबभर निळा रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही. मेलेली घेते. ती बाजूला झाली आणि मी डोळा लावला. सगळं निळं होतं. मग दुसरी कुपी, मग तिसरी. रात्र झाली तरी ती कुप्या काढतच होती, आणि मी वेड्यासारखी म्हणत होते, "अजून एक बघू."

शेवटी ती खाली फरशीवर बसली आणि रडली. मला अण्णांचा राग आला होता, प्राचार्यांचा आला होता, दिल्लीचा तर आधीपासूनच होता.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "कळू दे."

"आई गेल्यापासून अण्णांनी देवाला हात जोडले नव्हते, बबिता. दुकानातला तराजूसुद्धा नोकर पुजायचा. या वर्षी माझ्यासाठी जोडले."

दिवाळीच्या तोंडावर दिल्लीहून कळवलं: अनुदान मंजूर. अट एकच, पैसे सुटण्याआधी जिवंत पेशींच्या कुप्या राष्ट्रीय संग्रहात जमा कराव्यात. प्राचार्यांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं. रुद्राणीनं मात्र दिल्लीला पाठवायचं उत्तर लिहिलं: पेशी राहिल्या नाहीत, प्रस्ताव मागे घेत आहे. कारण म्हणून 'तांत्रिक बिघाड' एवढंच.

ती ते पाठवणार, तोच अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. धाप लागली होती, डोळे भरले होते. आधी फ्रीजरपुढे पेढा ठेवून ते पाया पडले.

"पावला बघ! पुढल्या खंडेनवमीला बी मीच येनार. तू फिकीर करू नको, किल्ली तेवढी माज्याकडं दे."

"हो, अण्णा," रुद्राणी म्हणाली.

त्यांनी तिला पेढा भरवला. तिनं तो खाल्ला, आणि मग उत्तर पाठवून दिलं.