मागचे ठोकळे

माझं गॅरेज डुएनच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, डोळ्यांत खुपत होतं. घटस्फोट झाल्यावर टोलेडोतल्या या घराचं गॅरेज मी धुऊनपुसून काढलं, वेल्डिंगचं मशीन आणलं, ग्राइंडर आणला, बाकावर काम घट्ट पकडून ठेवणारा भलामोठा लोखंडी व्हाईस पक्का केला. मधोमध आणून ठेवली वडिलांची जुनी नोव्हा गाडी. म्हातारा जाताना ती मला देऊन गेला होता. मुलाला नाही, मुलीला. दफन उरकून सगळे जेवायला बसले, तेव्हा डुएन भरल्या पंगतीत म्हणाला, "भंगारात घालीन, पण हिला चालवू देणार नाही." दारू बोलतेय म्हणून मी सोडून दिलं.

गाडीची चाकं काढलेली होती. पुढचा भाग मी लोखंडी स्टँडवर घेतला होता, पण मागचा अजून सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांवरच होता. असला ठोकळा वरून कितीही वजन पेलतो, बाजूने दणका बसला की त्याचा भुगा होतो. गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. त्या शनिवारी दुपारी ठोकळे बदलायला मी जॅक ओढत नेत होते, तोच डुएन आत शिरला. हातात घण होता.

"बाजूला हो, वँडा."

"ढोसून आलायस. घरी जा, बायकोचं डोकं खा."

"बाजूला हो म्हणतोय ना!"

पहिला घाव समोरच्या काचेवर बसला. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली. त्याने मला झटकलं, केस धरून बाकावर आपटलं. व्हाईसच्या कडेने भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. हाताला लागला तो पाना मी त्याच्या खांद्यावर हाणला. तो कळवळला, पण त्याने माझे केस सोडले नाहीत.

"म्हाताऱ्याची लाडकी! माज आलाय तुला!"

मी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. त्याने लाथ घालून मला जमिनीवर पाडलं आणि गाडीच्या मागे गेला. टेललाइट फुटला. मग पाय रोवून त्याने घण खाली, ठोकळ्याच्या दिशेने घेतला. त्याचा एक पाय गाडीखाली गेलेला मला दिसला.

"डुएन, ठोकळ्याला नको! मारू नकोस तिथे!"

तो वळून हसला. मी गाडीसाठी जीव टाकतेय असं त्याला वाटलं.

"नको काय? हे बघ!"

ठोकळ्याचं पीठ झालं. गाडी खाली आली आणि ब्रेकचा जाड ड्रम त्याच्या नडगीवर बसला. डुएन किंचाळला, तसं माणसाला किंचाळताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला. अस्सं पाहिजे, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. मग तो आईला हाका मारायला लागला. आमची आई कधीच गेली होती. मी जॅक आत सरकवला.

"हलू नकोस, गाढवा!"

गाडी उचलली, त्याला काखेत धरून ओढलं. हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. त्याचाच पट्टा काढून मी गुडघ्याच्या वर करकचून आवळला आणि अँब्युलन्सला फोन केला.

"ठोकळा असा फुटतो हे मला कुणी सांगितलं होतं?" तो रडत म्हणाला. "डॅडने मला कधी गाडीखाली येऊ दिलं? तू आत, त्याच्या शेजारी. मी दारात."

"मी सांगितलं ना आत्ता! घसा फोडून ओरडले!"

"तू ओरडलीस म्हणूनच तर मारला."

त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि रडूही आलं. घण अजून त्याच्या हाताशीच पडला होता. तो मी पायाने लांब सरकवला, आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं.