गोकुळाचा खरा सूर

कुरखेड्याहून चंद्रपूरला पोचेपर्यंत केवळरामनं मांडीवरचं गाठोडं एकदाही खाली ठेवलं नव्हतं. वाकळीत गुंडाळलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर, चांगला बारा-तेरा किलोचा. पायांना मुंग्या आल्या होत्या.

उमेदीच्या काळात केवळराम झाडीपट्टीच्या नाटकांना लाऊडस्पीकर पुरवायचा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी एका तालमीत त्यानं याच मशीनवर गोकुळाचं गाणं टेप केलं आणि पुढच्या साली तिच्याशी लग्न केलं. ती जाऊन सोळा वर्षं झाली होती. बाकीच्या स्पूलांना बुरशी लागली. हा एकच वाचला. हल्ली त्याचाही आवाज दबका येई, म्हणून नवं मशीन घ्यायचं मनात होतं.

चंद्रपूरचा रोशन खाणीत इलेक्ट्रिशियन होता. रिटायर झाल्यावर जुनी मशीनं जमवून दुरुस्त करायचा. "घीन त घीन," केवळरामनं त्याला फोनवर आधीच बजावलं होतं, "पण पहिले दोन्हीवर एकच गाणं ऐकीन."

रोशननं दोन्ही मशीनं शेजारी मांडली, एकाच स्पीकरला जोडली. आधी केवळरामच्या मशीनवर गाणं लागलं. गोकुळाचा जड, संथ, पदर सावरत चालल्यासारखा आवाज. केवळरामनं डोळे मिटले. मग रोशननं तोच स्पूल आपल्या मशीनवर चढवला.

झांज खणखणली. तबल्याची शाई ऐकू आली. आणि एक पातळ, चपळ आवाज असा धावत आला की केवळराम खुर्चीतून उठलाच.

"हे गोकुळा नोहे. तुमचं मशीन फास्ट पळून राह्यलं."

"नाई भाऊ. तुमचं हळू फिरते. बेल्ट ढिला झाला, अन् हेड घासलं, म्हणून बारीक आवाज तुमाले येतच नाई."

"चाळीस वर्षं ऐकून राह्यलो मी! मले नाई समजणार?"

केवळराम दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी त्यानं कुरखेड्याला हेमराजला फोन लावला. त्या तालमीत पेटी हेमराजच वाजवत होता, आणि ती पेटी अजून त्याच्या घरात होती.

"हेमराज, गोकुळा कोणत्या पट्टीत गायची?"

"काळी चार. त्याच्या खाली कधी उतरली नाई ते. काऊन?"

"पेटी घे. सूर धरून ठेव."

फोनच्या स्पीकरवर हेमराजचा सूर लांबत राहिला. केवळरामच्या मशीनवर गाणं लागलं तेव्हा दोन सूर एकमेकांना घासून खरखरले. गाणं काळी चारवरून घसरून पांढरी पाचच्याही खाली बसलं होतं. रोशनच्या मशीनवर लागलं आणि पेटी गाण्यात अशी मिसळली की वेगळी ऐकूच येईना.

"हे बरोबर," फोनवरून हेमराज म्हणाला. "हे गोकुळाच आहे."

केवळराम खाली बसला. बेल्ट काही एका दिवसात ढिला झाला नव्हता. दरसाल थोडा थोडा, त्याच्या गुडघ्यांसारखा. म्हणजे टेपमधली गोकुळा त्याच्याबरोबर म्हातारी होत आली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. आता ही समोरची बावीस वर्षांची पोरगी. तिच्यापुढे आपण कोण, त्याला कळेना.

"जुनं इथी ठेवता? बेल्ट बदलून देतो," रोशननं विचारलं.

"ठेवतो. पण बेल्ट नोका बदलू."

एसटी स्टँडवर तो दोनदा परत जायला उठला. दोनदा बसला. गाडी आली तेव्हा नवं गाठोडं घेऊन चढला.

घरी चार दिवस मशीन वाकळीतच राहिलं. केवळराम शेतावर जाई, अर्ध्या वाटेतून परत येई, वाकळीला हात लावून पुन्हा बाहेर पडे. पाचव्या दिवशी त्याची लेक आचल अंगणवाडीतून आली आणि काही न विचारता तिनं गाठी सोडल्या. गाणं सुरू होण्याआधी नुसती खरखर होती. तिनं आवाज वाढवला.

"बाबा, कोणी बोलून राह्यलं."

स्पूल मागं नेला. कान लावले. खरखरीच्या तळाशी गोकुळा हेमराजला कुजबुजत होती: "भाऊ, त्या मशीनवाल्याले विचारा, बटन दाबलं का. मांगच्या वेळी विसरला होता येडा."

आचलनं बापाकडे पाहिलं. केवळरामचे कान तांबडे झाले.

"खरं का हो, बाबा?"

"एकदाच विसरलो होतो," तो म्हणाला. मग त्याला हसू फुटलं, थांबेना. "तिच्याकडेच पाहून राह्यलो होतो न."

"मांगं घ्या. आखीन एकदा," आचल म्हणाली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली.