मागच्या अंगणातलं बोलणं

मूल बोलायला कसं शिकतं, याचा अभ्यास करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. लोकांना वाटतं ते सगळं मी विद्यापीठात शिकले. त्यातलं निम्मं मला भोपाळला, कारखान्याच्या वसाहतीत, शालिनीच्या मागच्या अंगणात कळलं.

१९७३ साल होतं. आज जिथे अवधपुरीच्या कॉलन्या आहेत, तिथे तेव्हा हरभऱ्याची शेतं होती. वसाहतीत मराठी घरं बरीच. त्यातली बारा मी निवडली होती, प्रत्येक घरात दीड-दोन वर्षांचं मूल. आठवड्यातून एकदा अर्धा तास टेपरेकॉर्डर लावायचा आणि मुलाच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवायचा, हे माझं काम. रेकॉर्डर इतका जड, की सायकलच्या कॅरिअरला बांधला की पुढचं चाक उचललं जाई.

शालिनीकडे बुधवार. तिचा विजू बावीस महिन्यांचा. नवरा मनोहर इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, ती अकोल्याकडची. सासूबाई, सुमित्राकाकू, पुण्याहून येऊन राहिल्या होत्या. मी येणार म्हणून विजूला पावडर लावून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसवलेलं असे. रेडिओ बंद, पंखासुद्धा बंद.

"बोल राजा, मावशीला नमस्ते म्हण," काकू विनवायच्या. "चिऊ म्हण. बरं, काऊ तरी म्हण!"

विजू माझ्या चपलांकडे बघत राही. शालिनी दाराशी उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तीही बोलत नसे.

अकरा बुधवार झाले. वहीत अकरा शून्यं.

"आईच मुखदुर्बळ, पोर कुठून बोलणार?" काकू एकदा तिच्यासमोरच म्हणाल्या. "मी रविवारी निघतेय, त्याला घेऊनच जाते. दोन वर्षं राहू दे माझ्याकडे. चार माणसांचं नीट बोलणं कानावर पडेल."

मनोहर माझ्याकडे वळला. "वसुधाताई, तुम्ही यातल्या जाणकार. तुमची वही काय म्हणते?"

मी वही उघडून दाखवली. त्याच संध्याकाळी तिकीट काढलं गेलं.

शनिवारी सकाळी मी पुन्हा गेले, कारण मायक्रोफोनची वायर त्यांच्याकडे राहिली होती. काकू देवळात गेल्या होत्या, पुढचं दार आतून बंद होतं. मागच्या अंगणाकडे वळले, तर न्हाणीच्या भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं.

"काऊन रे, चपलीत पाणी ओतून राह्यला?"

"मले दे." बारीक आवाज. "आई, मले दे मग्गा!"

"तुले कायले देऊ? सारं सांडून टाकशीन."

"नाई सांडत! मले दे!"

मी तिथेच उभी राहून मोजत होते. पाच मिनिटांत तेवीस शब्द.

मला पाहताच शालिनी गप्प झाली. तिच्याकडे बघून विजूही गप्प झाला.

"अगं, हा तर बोलतो! सांगितलं का नाहीस?"

"असा बोलतो तो, ताई. माझ्यासारखा." ती आता एकेक शब्द जपून उच्चारत होती. "इथे सगळे हसतात. तुम्हीपण पहिल्या दिवशी हसला होतात."

हसले होते खरी. ती 'बसा न जी' म्हणाली, ते मला गोड वाटलं म्हणून हसले. पण तिला तो फरक कसा कळावा?

"मी सांगते काकूंना."

"नका जी," ती घाईने म्हणाली. "म्हणतील, हीच असलं शिकवते, मग तर न्यायलाच पाहिजे."

घरी जाताना सायकल ओढत चालले होते. इथली शून्यं खोटी म्हटली, तर बाकीच्या अकरा घरांचं काय? तिथेही पावडर होती, तिथेही पंखे बंद होते. तीन महिन्यांच्या टेपा वाया. "वसुधाबाई, स्वतःच्या हाताने काम बुडवलंत," असं माझे मार्गदर्शक गोपीनाथ सर नंतर म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

तरी रविवारी दुपारी गेले. ट्रंक भरून तयार होती.

"मनोहरराव, माझी वही चुकली. विजू बोलतो."

"बोलतो?" काकू म्हणाल्या. "मग बोलू दे की! आम्ही काय कानांत बोळे घालून बसलोय?"

सगळे विजूकडे बघू लागले. तो जमिनीकडे. एक मिनिट गेलं, दोन गेली. काकूंनी ट्रंकेला कुलूप लावलं. तो कसा बोलतो ते माझ्या ओठांवर होतं, पण ते सांगायला शालिनीने नको म्हटलं होतं.

मग ती दारातून पुढे आली आणि सगळ्यांसमोर फरशीवर बसली.

"विजू, इकडे ये रे बाप्पा. कुठी चालला तू आजीसंगं? मले सोडून चालला?"

विजूने मान वर केली. "नाई. मी नाई जात." आणि तिचा पदर ओढत, "आई, तू बी चाल. बाबा बी चाल!"

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "असा बोलतो होय हा?"

मनोहर खुर्चीवरून उठलाच नाही. "माझ्याशी कधीच बोलला नाही," तो म्हणाला.

"तुझ्याशी कोण बोलणार?" काकू एकदम त्याच्यावर घसरल्या. "दर वाक्याला तिला टोकतोस, मी ऐकते ना. मीही तेच केलं म्हणा."

त्या ट्रंकेजवळ खाली बसल्या. मग कुलूप काढलं. विजूचे सदरे, झबली, लोकरीची टोपी एकेक करून बाहेर काढली, विस्कटलेल्या घड्या मांडीवर पुन्हा घातल्या आणि तो गठ्ठा पुढे धरला. शालिनीने उठून तो दोन्ही हातांनी घेतला.