चिमणीची धूरशांती

कारखान्याच्या फाटकासमोर जत्रेसारखी माणसं जमली होती. निफाड रस्त्यावरच्या त्या पुठ्ठ्याच्या कारखान्याची चिमणी काळाकुट्ट धूर ओकत होती आणि खाली मांडवात धुनीबाबा डोळे मिटून पुटपुटत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. धूर विरळ झाला, राखाडी झाला, बघता बघता दिसेनासा झाला. बायकांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

"अग्निदेव रुसला होता, समजूत काढली," बाबा म्हणाले. "दर सोमवारी अशी धूरशांती करू. अट एकच. तक्रारीचा धूर मनातून आधी काढा. तक्रार मागे घ्या, चिमणी कायमची शांत होईल."

शेजारी मालक नव्या जावयासारखे खाली मान घालून बसले होते.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कारखाने किती इंधन जाळतात आणि हवेत काय सोडतात, याचा अभ्यास करणं ही माझी नोकरी. गावाच्या तक्रारीमुळेच मला नाशिकहून पाठवलं होतं. तक्रार मागे गेली की माझं काम संपणार, भट्टी तशीच राहणार. आणि कुसाबाईची शेवंतीही काळीच राहणार. चिमणीचा धूर वाऱ्याने ज्या बाजूला जायचा, तिथेच तिचा फुलमळा होता. काजळी बसलेली टोपली फुलबाजारातून तशीच परत यायची.

"काळं फूल देवाला कोण वाहील, ताई?" ती मला सकाळीच म्हणाली होती. "पण बाबांनी धूर घालवला, तर तक्रार मागं घ्यायला मी बी हात वर करीन. मला काय, फूल पांढरं पाहिजे."

सोमवारचा माझाही उपवास होता. ऑफिसात माझ्या व्रतांना हसत, आणि देवळातल्या बायका या धूर मोजणारीपासून जरा अंतर राखून बसत. दोन्हीकडे माझी सतरंजी वेगळीच.

मी भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर बाबांनी पुढच्या धूरशांतीसाठी शंख फुंकला. तो ऐकताच मंगळू फायरमनने कोळशाचा मोठा ढीग एकदम आत लोटला आणि दार लावून विडी शिलगावली.

"एवढा एकदम का टाकता, मंगळूदादा?"

"मालकांची ऑर्डर हाय. शंख वाजला का टाकायचा, मंग हात लावायचा नाय."

मला कळायचं ते कळलं. मी मांडवात आले. "बाबा, मी करून पाहू का?"

"बाई, याला उपवास लागतो."

"आहे."

"देवाचं नाव घ्यावं लागतं."

"रोज घेते. आत्ता मात्र घेणार नाही."

लोक हसले. बाबांना नाही म्हणता येईना. शंख वाजला. चिमणीतून काळा लोट उठला. माझ्याकडे धुराचा काळेपणा ताडून पाहायचा, राखाडी छटांचा एक पुठ्ठा असतो. तो आभाळासमोर धरून मी गप्प उभी राहिले. थोड्या वेळाने धूर आपोआप निवळला.

आणि नवसाबाई नावाची म्हातारी माझ्या पायाशी वाकली. "ताईच्या हातात यंत्र हाय! बाबापेक्षा हिची शक्ती मोठी, तोंड बी उघडलं नाय."

बाबांची गादी मोडली नव्हती, ती नुसती माझ्याकडे सरकली होती. इतक्या माणसांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"कुसाबाई, तुम्ही पुढे या," मी म्हटलं. "शंख वाजला की त्या चिमणीला मनात येईल ते बोला."

"मनातलं? चारचौघांत?"

"सगळं."

शंख वाजला, लोट उठला, आणि कुसाबाईने कमरेला पदर खोचला. "मुडद्या, माझी शेवंती खाल्ली, दोरीवरचं धुणं खाल्लं, अजून पोट भरलं नाय व्हय तुझं? तुझ्या तोंडात माती..."

पुढचं लिहिता येणार नाही. तिला दम लागला तोवर धूर निवळला होता.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आता कुसाक्काच्या बी पाया पडायचं का?" आणि हशा पिकला.

तेव्हा मी सांगितलं. कोळसा एकदम लोटला की त्यातला वायू भसकन निघतो, त्याला जळायला हवा पुरत नाही, म्हणून काळा धूर. वायू संपला की धूर निवळतो, कोणी काही म्हणो वा न म्हणो. बाबांचा मंत्र फक्त त्या वेळाइतका लांब आहे. मग मंगळूला हवेची झडप उघडून थोडा थोडा कोळसा टाकायला लावला. ना शंख, ना मंत्र, आणि काळा लोटही नाही.

"ही श्रद्धेची थट्टा आहे," बाबा चप्पल शोधत म्हणाले.

तक्रार मागे घ्यायला एकही हात वर गेला नाही.

निघताना कुसाबाईने ओंजळभर शेवंती दिली. "ताई, तुमी देव मानता ना?"

"रोज पूजा करते."

"मंग?"

"म्हणून तर त्याला भट्टीवर कामाला लावत नाही."

पुढच्या वर्षांत मालेगावच्या सूतगिरण्या, साखर कारखाने, लोखंडाच्या ओतशाळा, पुष्कळ चिमण्यांखाली एकटी उभी राहिले. कुठे शंख असतो, कुठे यंत्र, कुठे चकचकीत जाहिरात. माझी विनंती तीच असते: हात जोडण्याआधी आत काय जळतंय ते पाहा, आणि तेच दुसऱ्याच्या हातून करून पाहा. देव त्याने रागावत नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ती शेवंती धुतली. पाणी काळं झालं. फुलं पांढरी निघाली, तीच देवाला वाहिली आणि उपवास सोडायला एकटी पाटावर बसले.