पंडिताचं पोट

लिफ्ट तपासणाऱ्या त्या माणसाला घरात सगळे पंडित म्हणत. डोकं म्हणजे नुसती तलवार! दोर कुठे झिजलाय, दार कुठे अडकणार, हे त्याला लिफ्टमध्ये पाय टाकताच कळायचं. पण मेलं ते डोकं कधी सुट्टी घेईल तर शपथ! कुणी जेवायला बोलावलं की तिथेही तेच. रस्ता तुंबला तर? संडासात आधीच कुणी असलं तर? भरल्या ताटावरून उठावं लागलं तर? घराला कुलूप लावण्याआधीच पोटात मुरडा सुरू.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून पाहिल्या. म्हणाल्या, "आयबीएस आहे, म्हणजे आतडी चिडकी झालीत. दुखणं खरं आहे, सोंग नाही. पण डोकं आणि आतडी एकमेकांशी बोलत असतात, आणि तुमचं डोकं जरा जास्तच बडबडं आहे. घरच्यांना सांगून टाका. भार हलका होईल."

सांगा म्हणे! जन्मभर हुशार म्हणून मिरवलेला माणूस धाकट्या बहिणीला काय सांगणार, मी संडासाच्या धाकाने येत नाही? त्यापेक्षा सबबी सोप्या. आणि सबबी तरी कशा, एकेक अस्सल! एक कधी दुसऱ्यांदा वापरली नाही पठ्ठ्याने. बहीण बिचारी दर वेळी "बरं दादा" म्हणायची. पुढे पुढे तिने बोलावणंच सोडलं. तेव्हा याने हुश्श केलं आणि एकटाच जेवत राहिला. वर्षं गेली, तरी घास काही गोड लागेना.

पण उद्या भाची शिकायला परदेशी निघाली होती. मेहुण्यांच्या तोंडून कळलं तेव्हा पंडिताच्या काळजात चर्र झालं. आता नाही तर कधीच नाही. अन्नाचा कण पोटात न घालता तो निघाला. वाटेत पेट्रोल पंपावर धावत उतरावं लागलं, तरी मागे फिरला नाही. खरं काय ते सांगायचं, मग हसोत बापडे.

दार बहिणीने उघडलं. त्याला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा! काय झालं? कोण गेलं?"

"अगं, कोणी नाही गेलं."

"मग तू कसा काय इकडे?"

आतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. खरं ओठांवर आलं होतं. पण त्या कारट्या डोक्याने आधीच उत्तर तयार ठेवलेलं!

"शेजारच्या इमारतीत लिफ्ट अडकलीय. म्हटलं, जाता जाता डोकवावं."

बहिणीच्या जिवात जीव आला. "बाई गं, मग माणसं खोळंबली असतील. जा तू, तुला नाही अडवत."

दार लागलं. आतून भाचीने विचारलं, "कोण गं?"

"मामा. कामाला आलाय इकडे."

"तरीच!" भाची म्हणाली.

पंडित जिन्यातच बसला आणि त्याला रडू फुटलं.