तीळ भिजला

त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणून त्याला भोंगा म्हणत. सलूनच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण ते वाचायची वेळ फक्त वीजबिल वाटणाऱ्यावर यायची, आणि तोसुद्धा आत डोकावून "भोंगाशेठ आहेत का?" असंच विचारायचा. डाव्या कानशिलाचे केस कापताना कानावर पडलेली बातमी उजव्या कानशिलापर्यंत येईस्तोवर भोंग्याला ती पोटात ठेववेनाशी होई, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती फुकट मिळे, तुरटीबरोबर.

त्यात रेसकोर्स हाकेच्या अंतरावर! मग बातम्या तरी कसल्या असणार? कोणता घोडा खोकतोय, कोणता चारा टाकतोय, कोणत्या मालकाचं ट्रेनरशी फाटलंय. भोंग्याच्या दुकानात सकाळी पडलेला शब्द दुपारी तिसऱ्या शर्यतीच्या आत बुकींच्या फळ्यावर दिसायचा. म्हणजे त्या घोड्याचा भाव हलायचा. ज्याच्यामागे गर्दी त्याचा भाव कमी, ज्याला कुणी विचारत नाही त्याचा जास्त. एवढं कळलं की रेस कळली, असं भोंग्याचं म्हणणं.

"एवढंच कळतं, म्हणून तर हरतोस," असं त्याच्या मुलीचं म्हणणं.

मुलगी सोळा वर्षांची. रेसबुक ती गणिताच्या पुस्तकापेक्षा मन लावून वाचायची, पण पैशाला हात लावायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. म्हणून बापलेकीचा वेगळाच खेळ. दर रविवारी सकाळी दोघं आपापल्या चिठ्ठीवर पाचव्या शर्यतीचा घोडा लिहून एकमेकांना द्यायची. जो जिंकेल त्याने आठवडाभर दुसऱ्याला टोमणे मारायचे. चिठ्ठीत खोटं लिहायचं नाही, हा एकच नियम.

तर, शुक्रवारी संध्याकाळी चिमणा आला.

चिमणा जॉकी होता. दोघं चौदाव्या वर्षी एकाच तबेल्यात लागले होते, एकाच घोंगडीत झोपले होते, आणि दोघांनाही जॉकीच व्हायचं होतं. पण एका उन्हाळ्यात भोंगा वीतभर वाढला आणि तिथेच संपला. मग तो घोड्यांची आयाळ कापायला लागला, मग मोतद्दारांची डोकी, मग पार सलूनच थाटलं. चिमणा मात्र चिमणाच राहिला. सलूनमधल्या खुर्चीचा पंप गळका होता. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक सुरुवातीला आरशात छातीपर्यंत दिसायचं आणि शेवटी नुसते डोळे उरायचे. एकटा चिमणा बसला की खुर्ची तसूभर खाली जायची नाही.

सहा वर्षांपूर्वी सरावात पडून चिमण्याच्या खांद्याजवळचं हाड तडकलं होतं. त्याने ते लपवलं, फक्त भोंग्याला सांगितलं. भोंग्याने फक्त शेजारच्या शिंप्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मालकाला कळलं, घोडा दुसऱ्या जॉकीकडे गेला आणि हंगामातली सगळ्यात मोठी शर्यत मारून आला. त्यानंतर चिमणा दाढीला यायचा, हं हं करायचा, पैसे ठेवून जायचा. सहा वर्षं त्याने भोंग्याला डोकं दिलं, शब्द दिला नाही.

त्या शुक्रवारी मात्र फेस लावून झाल्यावर तो आरशातच म्हणाला, "रविवारची पाचवी. उनाड मारणार."

भोंग्याचा ब्रश हवेतच थांबला. उनाड या घोड्यावर चिमणाच बसणार होता. फळ्यावर त्याचा भाव होता एकाला आठ. खुळ्यानेसुद्धा त्याच्यावर पैसा लावला नसता.

"मला कशाला सांगतोस?" भोंग्याने विचारलं.

"दुसरं कोण आहे मला?" चिमणा म्हणाला. "पण कुणाला म्हणजे कुणाला नाही, भोंग्या. वहिनीला नाही, पोरीला नाही. शिंप्याला तर स्वप्नातसुद्धा नाही."

"तोंडाला कुलूप!"

"बघू," चिमणा म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

तो गेल्यावर भोंगा स्वतःच खुर्चीत बसला. खुर्ची त्याला घेऊन हळूहळू पार तळाला गेली, तरी त्याला पत्ता नव्हता. दुसरं कोण आहे मला! सहा वर्षांचा उपास असा एका वाक्याने सुटला होता. उनाड जिंको न जिंको, त्याला एवढंच दाखवायचं होतं: बघ, या वेळी राहिलं की नाही पोटात?

शनिवार उजाडला तो सत्त्वपरीक्षेचाच.

सकाळी सहालाच दुकान भरलं. शनिवारी सहा शर्यती, रविवारी आठ, त्यामुळे प्रत्येक डोकं टिप मागायलाच आलेलं. भोंगा कात्री चालवत होता आणि गप्प होता. एक डोकं गेलं, दुसरं गेलं. शेवटी शिंप्याला राहवेना. तो खुर्चीत रुतत रुतत म्हणाला, "काय रे, आजारी आहेस का?"

"नाही."

"वहिनींशी भांडण?"

"नाही."

"मग उद्याच्या पाचवीत कोण, ते तरी सांग!"

"कारकून," भोंगा म्हणाला.

"ते तर शेंबडं पोरही सांगेल! फेव्हरिट आहे तो. बातमी सांग, बातमी!"

"कारकुनाची कसली बातमी? वेळेवर येतो, खाली मान घालून पळतो."

"आणि पाचला थांबतो," बाकावरून मुलगी म्हणाली. दुकान हसलं. भोंगाही हसला, आणि हसण्याच्या भरात "उ" ओठांवर आलाच! त्याने तो तसाच गिळला आणि खोकल्याचं सोंग केलं. शिंप्याने उठून त्याची पाठ थोपटली.

दुपारी तो कोर्सवर गेला. पहिलीत लावले, हरला. दुसरीत लावले नाहीत, आणि त्याच्या मनातला घोडा आला. तिसरीत एका लंगड्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून जावईबापू नावाच्या घोड्यावर लावले, आणि जावईबापू जावयासारखाच आला, सगळे जेवून उठल्यावर. एरवी अशा वेळी भोंग्याने शंभर जणांच्या खांद्यावर हात टाकून शंभर गोष्टी सांगितल्या असत्या. आज तो दोन्ही हात खिशात घालून कठड्याला टेकून राहिला. चहावालासुद्धा म्हणाला, "शेठ, आज भोंगा बंद का? लाईट गेली काय?"

घरी आल्यावर बायकोने कपाळाला हात लावून पाहिलं. "अहो, ताप तर नाही. मग जेवताना एक शब्द नाही? मला भीती वाटायला लागली."

तो मान खाली घालून जेवला. आपल्या पोटात एक अख्खी गोष्ट दोन दिवस टिकली, याचं त्याला इतकं अप्रूप वाटत होतं की तेही कुणालातरी सांगावंसं वाटत होतं. आता बोला!

रविवारी सकाळी चिठ्ठ्यांची वेळ झाली. मुलीने आपली चिठ्ठी घडी करून पुढे केली. कारकून.

"सगळं जग म्हणतं तेच तूही म्हणतेस," भोंगा म्हणाला.

"कारण जगाने रेसबुक वाचलंय, बाबा. तुझी दे."

भोंग्याचा हात थबकला. आजवर हिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता. पण पोरीला नाही, असं चिमणा नाव घेऊन म्हणाला होता. त्याने चिठ्ठीवर लिहिलं: जावईबापू.

मुलीने ती वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं. "कालच सहावा आला तो! आज परत पळणार आहे? नाव तरी आहे का यादीत?"

नव्हतं. घाईत त्याने न पळणारा घोडा लिहिला होता. "असू दे गं," तो म्हणाला. "हरू दे मला." चिठ्ठी मुलीने नेहमीसारखी रेसबुकात ठेवली नाही. मुठीत चुरगळली.

त्या दुपारी नव्या खुर्चीसाठी बाजूला ठेवलेलं सगळं भोंग्याने उनाडवर लावलं. फळ्यावर भाव अजून एकाला आठच! कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्या गर्दीत फक्त दोघांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि त्यातला एक मी! त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटतं की काय. शर्यतीआधी पॅडॉकच्या रिंगणात घोडे फिरत होते. उनाडवरून चिमण्याने एकदा फळ्याकडे पाहिलं, मग गर्दीत भोंग्याला शोधलं. भोंग्याने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. चिमण्याचा चेहरा पांढराफटक पडला. शर्यतीचं टेन्शन, भोंग्याला वाटलं.

घोडे सुटले. वळणापर्यंत उनाड तिसरा, मोकळा, कान पुढे. भोंगा ओरडायला लागला, दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं त्या ओरडण्यात! "सोड! आता सोड त्याला!" शेवटच्या फर्लांगात घोडा मान ताणून लगाम मागत होता. ज्याने तबेल्यात वर्षं काढली आहेत त्याला घोड्याची मान वाचता येते. आणि जॉकीचे हातही. चिमण्याचे कोपर बरगड्यांना चिकटलेले होते. चाबूक हलत होता, पण लागत नव्हता. कारकून खाली मान घालून आला, वेळेवर आला आणि जिंकला. उनाड चौथा.

भोंग्याने जे पाहिलं ते पाहिलंच नाही असं ठरवलं. घोडा आहे, यंत्र थोडंच आहे! घाम पुसायला त्याने रुमाल ओढला आणि खिशातलं तिकीट खाली पडलं. शेजारी कठड्याला टेकलेल्या मुलीने ते उचललं, वाचलं.

"उनाड?"

भोंग्याने तिकिटासाठी हात पुढे केला.

"म्हणजे चिठ्ठी खोटी होती?"

"अगं, ऐक तर..."

"मला सांगितलं असतंस ना, तर मी सांगितलं असतं. वजन बघ, अंतर बघ. पण तू मला..." तिने तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. येताना ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत आली. सगळा रस्ता. भोंग्याने दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा मध्ये गाडी आली.

रविवारी संध्याकाळी दुकान दोन तास उघडं असायचं. मुलगी बाकावर पाठ करून बसली होती, आईने डबा द्यायला धाडलं म्हणून आलेली. चिमणा आत आला, खुर्चीत बसला. भोंग्याने फेस लावला, वस्तरा पाजळला, एक गाल केला. शेवटी त्यालाच मित्राची दया आली.

"जाऊ दे रे. मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या खुर्चीचं काय, आहे ही चालतेय."

चिमणा आरशात बघत राहिला. "तू कुणालाच बोलला नाहीस?"

"कुणालाच नाही!" दोन दिवस याच प्रश्नाची तर वाट बघितली होती! "शिंप्याने खोदून खोदून विचारलं. बायकोला ताप वाटला. आणि ही, माझी पोरगी, हिला खोटी चिठ्ठी दिली मी. तुझ्यासाठी."

आता हा खांद्यावर हात ठेवेल, भोंग्याला वाटलं.

"सहा वर्षांपूर्वी संध्याकाळ व्हायच्या आत सगळीकडे केलंस," चिमणा दातओठ खात म्हणाला, "आणि आता जेव्हा कामाचं होतं, तेव्हा बरं तोंड शिवलंस!"

वस्तरा गालापासून दूर झाला. "कामाचं म्हणजे?"

"भाव हलला का उनाडचा? नाही! मग कारकुनाचा चढेल कुठून? आमच्या माणसांनी कारकुनावर लावलं, मिळालं काय? चणेफुटाणे!"

बाकावर रेसबुकाचं पान उलटायचं थांबलं.

भोंग्याला समजायला वेळ लागला. अख्खा रेसकोर्स कोळून प्यायलेला माणूस, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात एकेक अक्षर करत उतरली. "म्हणजे मी बोलणार, हे धरूनच मला सांगितलंस?"

"मग काय! भोंगा आहेस तू. भोंग्याच्या कानात माणूस आणखी कशाला बोलतो?"

"आणि 'दुसरं कोण आहे मला'?"

आरशात चिमण्याचा एक गाल पांढरा, एक उघडा. खुर्ची नेहमीप्रमाणे तसूभरही खाली गेली नव्हती. भोंग्याला पहिल्यांदाच वाटलं, या माणसाला वजनच नाही.

"बरं, आता उरलेली कर," चिमणा म्हणाला. "आणि हे कुठे बोलू नकोस हं. या वेळी खरंच."

भोंग्याने वस्तरा मिटला. मानेभोवतीची चादर सोडली, झटकली, घडी केली.

"ऊठ."

"अरे, अर्धीच झालीय!"

"उरलेली दुसरीकडे. मी आयुष्यभर वस्तरा चालवला, चिमण्या, पण केसाने गळा कापणं मला कधी जमलं नाही. ऊठ."

तेवढ्यात दार ढकलून शिंपी आत आला. "काय भोंगाशेठ, जिभेचा ताप उतरला का? त्या उनाडचं काय झालं, सांगा तरी. लगाम ओढल्यासारखा वाटला मला!" मग त्याला खुर्चीतला अर्धा फेस दिसला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. चिमणा त्याच्या काखेखालून बाहेर सटकला. गल्लीतली पोरं त्याच्या गालाकडे बोट दाखवून हसत होती.

"बस," भोंगा शिंप्याला म्हणाला. "सगळं सांगतो. नाव, गाव, भाव, सगळं. पण थोडं थांब."

तो बाकाजवळ गेला. मुलीची अजून पाठच होती.

"आधी हिला सांगायचं राहिलंय. शुक्रवारपासून."

मुलीने मागे वळून पाहिलं नाही. पण रेसबुक उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर त्याच्यापुरती जागा केली.